थायरॉइडच्या कॅन्सरवर विकली जाणारी ‘स्टेम सेल’ पुडी: आत काय आहे आणि ती काय बिघडवते

लातूर असो, परभणी असो की बीड, घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर निघाला की आठवडा-पंधरवड्यात कुणीतरी डबा घेऊन दारात येतं. बहुतेक वेळा ओळखीचंच माणूस असतं: नात्यातले पाहुणे, शाळेतले सर, बचत गटातली ताई. डब्यात चमकदार पुड्या, वर सफरचंद-द्राक्षाचं चित्र आणि मोठ्या अक्षरांत ‘स्टेम सेल’. सकाळी उपाशीपोटी पुडी जिभेखाली टाकायची, विरघळू द्यायची, थोडा वेळ पाणी प्यायचं नाही. सोबत आग्रह असतो, “काकू, ऑपरेशनची घाई करू नका, तीन महिने घेऊन तर बघा.”

हा आढावा त्या पुडीचा आहे, आणि एकाच प्रश्नापुरता: थायरॉइडचा कॅन्सर असलेल्या माणसानं ती घ्यावी का? घेऊ नये. कॅन्सरवर तिचा काही उपयोग नाही, आणि उपचाराच्या तीन-चार ठिकाणी ती थेट आडवी येते. स्टेम सेल, म्हणजे स्वतःची प्रत काढणारी आणि इतर पेशींना जन्म देणारी मूळ पेशी, हा शब्द थायरॉइड कॅन्सरच्या संशोधनात खरोखर आहे, म्हणूनच शिकलेली माणसंही फसतात. विक्रेते म्हणतात “स्टेम सेल वाढवू या”, पण तिथे त्याचा अर्थ याच्या बरोबर उलट आहे.

आधी पुडी उलटी करून मागची बाजू वाचा. आपल्याकडे खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावे लागतात, म्हणजे सगळ्यात जास्त असलेला पदार्थ सगळ्यात आधी. अशा पुड्यांवर सुरुवातीला फळांची पावडर, साखर किंवा तिचा पर्याय, सोया प्रोटीन, कोलॅजेन, आंबटपणासाठी आम्ल असले घटक येतात. ‘ॲपल स्टेम सेल एक्स्ट्रॅक्ट’ बराच खाली सापडतो. जवळच एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा अंकी क्रमांक असतो. तो दाखवून “सरकारमान्य आहे” असं सांगितलं जातं. तो परवाना खाद्यपदार्थ बनवण्याचा आहे, औषधाचा नाही. पौष्टिक पूरक पदार्थांच्या 2016 च्या नियमांनुसार ‘औषधी वापरासाठी नाही’ अशी सूचना वेष्टनावर छापावीच लागते. ती बारीक इंग्रजी अक्षरांत असते, म्हणून विक्रेत्याच्या समोरच मोबाइलचा कॅमेरा मोठा करून वाचून घ्यावी.

सफरचंदाचा हा अर्क मुळात आला सौंदर्यप्रसाधनांतून. उटविलर श्पेटलाउबर ही स्वित्झर्लंडमधली जुनी, भरपूर टिकणारी सफरचंदाची जात. तिच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून, फोडून त्यांचा अर्क काढला गेला, तो त्वचेच्या क्रीमसाठी. म्हणजे अर्कातसुद्धा जिवंत पेशी नाही, मग वाळवून पुडीत भरलेल्या भुकटीत ती कुठून असणार? समजा असतीच, तरी वनस्पतीची पेशी माणसाच्या शरीरात रुजत नाही, माणसाची पेशी होत नाही. पोटात गेल्यावर ती पचते, सफरचंद पचतं तशीच. जिभेखाली ठेवल्यानं यात फरक पडत नाही. जिभेखालून काही लहान रेणूंची औषधं रक्तात जातात, अख्खी पेशी जात नाही.

आता थायरॉइडच्या कॅन्सरमधली स्टेम सेल. हा भाग नीट समजला तर पुडीवाल्याचं निम्मं बोलणं तिथेच संपतं.

थायरॉइडची पेशी फार सावकाश वाढते. मोठ्या माणसात आयुष्यभरात ती जेमतेम पाचेक वेळा विभागते. कॅन्सर मात्र पेशी पुन्हा पुन्हा विभागताना जनुकांत एकावर एक चुका साचून होतो, असं साधारण मानलं जातं. मग इतक्या कमी विभागणाऱ्या पेशीत एवढ्या चुका साचतात कधी? यातून संशोधकांना संशय आला की कॅन्सरची सुरुवात परिपक्व पेशीतून होत नसावी. ती ग्रंथीत उरलेल्या, गर्भातल्या वाढीच्या काळातल्या अर्धवट घडलेल्या किंवा मूळ पेशींतून होत असावी. जपानमधल्या ताकानो यांनी मांडलेली ‘गर्भपेशी’ कल्पना हीच. थायरॉइड कॅन्सरचे वेगवेगळे प्रकार आहेत. या कल्पनेनुसार सगळ्यात कच्च्या पेशीतून ॲनाप्लास्टिक (सगळ्यात उग्र प्रकार), त्याहून थोड्या घडलेल्या पेशीतून पॅपिलरी आणि बऱ्याच पुढे गेलेल्या पेशीतून फॉलिक्युलर कॅन्सर होतो. दुसऱ्या बाजूलाही भक्कम पुरावा आहे. उंदरांच्या थायरॉइड पेशीत बीआरएएफ जनुकातला व्ही600ई हा बदल घडवला की पॅपिलरी कॅन्सर होतो, आणि त्यात पेशीच्या बेसुमार वाढीला आवर घालणारं पी53 जनुकही बंद पाडलं की तोच कॅन्सर ॲनाप्लास्टिकसारखा उग्र होतो. म्हणजे घडलेली पेशीसुद्धा मागे जाऊन कच्ची होऊ शकते. हा वाद मिटलेला नाही.

सुरुवात कुठूनही होवो, गाठीच्या आत काय असतं ते जास्त महत्त्वाचं. गाठीतल्या सगळ्या पेशी सारख्या नसतात. थोड्या पेशी स्टेम सेलसारख्या वागतात: स्वतःची नवी प्रत काढतात, इतर पेशींनाही जन्म देतात, आणि औषधाचा मारा होत असताना गप्प पडून राहतात. त्यांना कॅन्सर स्टेम सेल म्हणतात. एएलडीएच हे विकर (एन्झाइम) जास्त असणं, सीडी133 आणि सीडी44 या खुणा असणं, यावरून प्रयोगशाळेत त्या वेगळ्या काढतात. भांड्याला न चिकटता त्या तरंगते गोळे करून वाढतात, त्यांना थायरोस्फिअर म्हणतात. इटलीतल्या एका गटानं 2010 मध्ये दाखवलं की एएलडीएच जास्त असलेल्या अशा पेशी उंदरात टोचल्या की पुन्हा गाठ उभी राहते.

रुग्णाच्या दृष्टीनं यातली कळीची गोष्ट आयोडीन आहे. थायरॉइडची घडलेली पेशी रक्तातलं आयोडीन ओढून घेते, कारण तिच्या भिंतीवर सोडियम-आयोडाइड सिम्पोर्टर नावाचं दार असतं. ते ओळखून त्याचं जनुक 1996 मध्ये वेगळं काढलं गेलं. ऑपरेशननंतर देतात तो किरणोत्सर्गी आयोडीन-131 चा डोस याच दारातून आत जातो आणि पेशीला आतून मारतो. कच्च्या, स्टेम सेलसारख्या पेशींत हे दार नसतं किंवा नावापुरतं असतं. डोस दिला तरी तो त्यांच्यात शिरत नाही. शिवाय एबीसीजी2 सारखे पंप वापरून त्या आत आलेलं औषध बाहेर फेकतात. बरा झालेला कॅन्सर वर्षांनी का उलटतो, काहींना आयोडिनचा डोस का लागू पडत नाही, याची एक उकल इथे मिळते.

म्हणून संशोधनाची सगळी धडपड या पेशी कमी करण्याची किंवा त्यांना पुन्हा ‘शहाणं’ करण्याची आहे. 2013 मध्ये सेल्युमेटिनिब या गोळीचा एक छोटा अभ्यास छापून आला. आयोडीन न घेणाऱ्या कॅन्सरच्या 20 रुग्णांपैकी 12 जणांच्या गाठींनी गोळीनंतर जास्त आयोडीन घेतलं, आणि 8 जणांना डोस देण्याइतकी सुधारणा झाली. पुढे मोठ्या चाचणीत, ऑपरेशननंतर जास्त धोक्याच्या रुग्णांना ती गोळी दिल्यावर, तसा फायदा दिसला नाही. काम असं पुढे-मागे होत चाललं आहे. “तुमच्या स्टेम सेल कमी झाल्यात, त्या वाढवू या” हे वाक्य थायरॉइड कॅन्सरच्या रुग्णापुढे म्हणूनच उफराटं आहे. घाबरू मात्र नका. पुडी खाऊन कॅन्सरच्या स्टेम सेल वाढतात असं काही दिसलेलं नाही. भुकटीत तेवढीही ताकद नाही.

दुसरा एक प्रश्न नेहमी येतो: ब्लड कॅन्सरला स्टेम सेल देतात, मग थायरॉइडला का नाही? ब्लड कॅन्सरमध्ये किमोचा एवढा जबर डोस देतात की अस्थिमज्जा जळून जाते. तिच्या जागी नवी मज्जा उभी करायला रक्त तयार करणाऱ्या स्टेम सेल सलाइनमधून सोडतात. थायरॉइडच्या नेहमीच्या कॅन्सरमध्ये मुख्य उपचार शस्त्रक्रियेचा, किमोचा नाहीच, त्यामुळे तिथे हे गणितच लागू होत नाही. पोटाच्या चरबीतून किंवा कमरेच्या हाडातून पेशी काढून परत टोचण्याची लाखांची पॅकेजेस मोठ्या शहरांत सांगितली जातात. त्यांच्यासाठी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत: रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचा वापर फक्त मंजूर चाचणीत, आणि चाचणीत रुग्णाकडून त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. पैसे मागितले की उठून यावं.

आता पुडी नेमकं काय बिघडवते. सगळ्यात रोजचं नुकसान गोळीचं. थायरॉइड पूर्ण काढल्यावर लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडच्या हार्मोनची गोळी, आयुष्यभर लागतं, सुरुवातीला वजनाच्या किलोमागे साधारण 1.6 मायक्रोग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 100 च्या आसपास. ही गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, चहा-नाष्ट्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. पुडीही उपाशीपोटीच सांगतात. दोन्ही एकाच वेळी पोटात गेली की पुडीतलं सोया प्रोटीन, तंतू, कॅल्शियम, लोह गोळीला धरून ठेवतं आणि ती पूर्ण शोषली जात नाही. रुग्णाला लगेच काही कळत नाही, कारण टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं मेंदूजवळच्या ग्रंथीतलं हार्मोन, हळूहळू चढतं. त्याचा खरा आकडा साधारण सहा आठवड्यांनी दिसतो. कॅन्सरच्या रुग्णात टीएसएच वाढणं साधी बाब नाही, उरलेल्या पेशींना वाढायला तेच सांगतं. गोळीचा डोस तेवढाच, रुग्ण नियमित, तरी टीएसएच वर गेलेलं असेल, तर उशाशी पुडीचा डबा आहे का ते पाहावं. कॅल्शियमची गोळीसुद्धा थायरॉइडच्या गोळीनंतर चार तासांनीच.

दुसरं नुकसान आयोडिनच्या डोसचं. डोसआधी एक ते दोन आठवडे कमी आयोडीनचं जेवण असतं, दिवसाला 50 मायक्रोग्रॅमच्या आत. हे किती कडक आहे ते मिठावरून कळेल. आयोडीनयुक्त मिठात घरापर्यंत येताना दर ग्रॅमला किमान 15 मायक्रोग्रॅम आयोडीन असावं लागतं. एक चमचा, म्हणजे पाच ग्रॅम मीठ पोटात गेलं की 75 झाले, मर्यादा तिथेच ओलांडली. म्हणून त्या दिवसांत ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, भाज्या, ठेचा सगळं चालतं, पण आयोडीन नसलेलं मीठ घालून, घरी केलेलं. दूध, दही, अंड्याचा पिवळा बलक, मासे, बेकरीचे पदार्थ, विकतचं फरसाण बंद. सैंधव घेताना पाकीट वाचा, काही कंपन्या त्यातही आयोडीन घालतात. अशा वेळी समुद्री शेवाळ किंवा ‘मल्टिमिनरल’ असलेली पुडी रोज पोटात गेली तर साधं आयोडीन पेशीचं दार अडवून बसतं आणि मोठ्या मेहनतीनं मिळवलेला डोस लघवीवाटे निघून जातो. आयोडीन-131 चं अर्धायुष्य आठ दिवसांचं, ते साठवून ठेवता येत नाही. तुमच्या नावानं मागवलेला डोस त्याच दिवसांत लागतो. डोसआधी पुडी, टॉनिक, खोकल्याचं औषध, काय चालू आहे ते सगळं सांगा. मागच्या दोन महिन्यांत कॉन्ट्रास्टचं सीटी स्कॅन झालं असेल तर तेही, कारण त्या रंगद्रव्यात आयोडीन भरपूर असतं.

तिसरं नुकसान सगळ्यात लपलेलं, कारण ते शरीरात न होता रिपोर्टमध्ये होतं. केस, त्वचा, नखं यांच्या नावानं विकल्या जाणाऱ्या पुड्यांत आणि गोळ्यांत बायोटिन हे बी गटातलं जीवनसत्त्व असतं. माणसाला दिवसाला 30 मायक्रोग्रॅम पुरतं, आणि या पदार्थांत 5,000 ते 10,000 सुद्धा असतं. अनेक लॅबच्या यंत्रांत तपासणीच बायोटिनच्या बंधावर चालते. रक्तात ते जास्त असलं की टीएसएच आणि थायरोग्लोब्युलिन खोटं कमी दिसतं, थायरॉइडची हार्मोन्स टी3-टी4 खोटी जास्त दिसतात. थायरोग्लोब्युलिन ही ऑपरेशननंतर कॅन्सर परत आला का ते सांगणारी रक्ताची मुख्य खूण. ती खोटी कमी आली तर परतणारा कॅन्सर रिपोर्टमध्ये दिसत नाही, आणि पुडी देणारा तोच कागद हातात धरून “बघा, गुण आला” म्हणतो. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस, जास्त डोस असेल तर आणखी, बायोटिन बंद ठेवावं आणि रक्त घेणाऱ्याला तसं सांगावं.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या तीन-चार दिवसांत ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या येणं, हाताची बोटं वळणं हे कॅल्शियम उतरल्याचं लक्षण आहे. थायरॉइडच्या मागे असलेल्या चार पॅराथायरॉइड ग्रंथींना ऑपरेशनमध्ये धक्का बसतो म्हणून ते होतं. पुडीवाले त्याला “शरीर साफ होतंय” म्हणतात. हे ऐकू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन कॅल्शियम तपासायचं.

“पण अमक्याची गाठ पुडीनं गेली” याचं काय? गळ्यातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. पाण्याची गाठ सुईनं तपासताना रिकामी होते किंवा आपोआप बसते. असा दाखला दिला की एवढंच विचारा: सुईच्या तपासणीचा बेथेस्डा वर्ग कोणता होता? वर्ग दोन म्हणजे साधी गाठ, वर्ग सहा म्हणजे कॅन्सर. कागद दाखवत नसतील तर तो दाखला सोडून द्यावा. दुसरं कारण पॅपिलरी कॅन्सरचं आहे. थायरॉइडच्या दहातले आठ कॅन्सर पॅपिलरी असतात आणि त्यांतले बरेच सावकाश वाढतात. तीन महिन्यांत गाठ तेवढीच राहिली तर ते श्रेय पुडीचं नाही, आजाराचा स्वभावच तसा.

हाच तीन महिन्यांचा सल्ला ॲनाप्लास्टिकच्या रुग्णाला दिला तर? हा प्रकार शंभरात एक-दोन, बहुधा साठीनंतर. मान आठवड्या-आठवड्याला फुगते, आवाज बसतो, गिळताना अडतं, श्वासाला शिटीसारखा आवाज येतो. निदानानंतर अर्ध्याहून अधिक रुग्ण सहा महिनेही काढत नाहीत. अशा घरात पुडीपायी गेलेला एक आठवडाही परत मिळत नाही. त्याच दिवशी मोठं केंद्र गाठायचं आणि गाठीच्या तुकड्यावर बीआरएएफची तपासणी मागायची. व्ही600ई बदल सापडला तर डाब्राफेनिब आणि ट्रामेटिनिब या गोळ्यांची जोडी आहे, अमेरिकेत तिला 2018 मध्ये मान्यता मिळाली. मेड्युलरी प्रकाराची वाट आणखी वेगळी. तो मुळात थायरॉइडमधल्याच, पण आयोडीन न घेणाऱ्या सी पेशींचा, त्यात या पेशींचं कॅल्सिटोनिन हे हार्मोन रक्तात पाहतात, आणि चारातला एक आनुवंशिक असल्यानं रुग्णाची आरईटी जनुकाची तपासणी करतात. त्यात बदल सापडला तर मुलाबाळांची, भावंडांचीही करावी लागते.

पुडीच्या एका महिन्याच्या डब्याला काही हजार मोजले जातात, आणि पाठोपाठ विक्रेता म्हणून स्वतःचा आयडी काढून आणखी दोघांना जोडण्याचा आग्रह होतो. रोजगार हमीवर राबणाऱ्या घरात हे पैसे कर्जाऊ येतात. त्याच पैशांत सोनोग्राफी, सुईची तपासणी आणि जाण्या-येण्याचं भाडं भागतं. मराठवाड्यातल्या रुग्णाला छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आणि घाटी (तिथलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय) जवळ, धाराशिव-लातूरकडच्यांना बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय जवळ. परळला टाटा, आणि तिथेच भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे, 1963 पासून. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपल्या शस्त्रक्रियेतलं काय बसतं ते आरोग्यमित्राकडून भरती होण्याआधीच समजून घ्या. आयोडिनचा डोस कुठे मिळेल हेही ऑपरेशनआधीच विचारायचं, कारण न्यूक्लिअर मेडिसिनची सोय सगळीकडे नसते. सुट्टी होताना बायोप्सीच्या रिपोर्टबरोबर काचपट्ट्या आणि मेणाचे ब्लॉकही मागून घ्या. दुसरीकडे गेल्यावर सगळ्यात आधी तेच लागतात.

विकणाऱ्याबद्दल तक्रार करायची असेल तर भांडण न करता पुरावा जमवा: वेष्टनाच्या दोन्ही बाजूंचे फोटो, बिल, “कॅन्सर बरा होतो” असं म्हटलेले व्हॉट्सॲपचे आवाज. 1954 च्या औषध व जादूटोणा उपचार जाहिरात कायद्यात ज्या आजारांवर इलाजाची जाहिरात करायला मनाई आहे, त्या यादीत कॅन्सरही आहे आणि गलगंडही. थेट विक्रीच्या 2021 च्या नियमांत विक्रेत्याकडे ओळखपत्र हवं आणि वेळ ठरवल्याशिवाय घरी यायला मनाई आहे. तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात करता येते, ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915.

डबा आधीच घेतला असेल तर पुडी आजपासून बंद करा, ती एकदम थांबवल्यानं काही होत नाही. थायरॉइडची गोळी मात्र एक दिवसही चुकवायची नाही. रिकामं वेष्टन पिशवीत घालून ओपीडीत न्या आणि डॉक्टरांना घटकांची यादी दाखवा, रागावतील म्हणून लपवू नका. पुडी बंद केल्यावर सहा आठवड्यांनी टीएसएच करा. थायरोग्लोब्युलिन बायोटिन उतरल्यावर पुन्हा करा, त्याच लॅबमध्ये, आणि सोबत अँटी-थायरोग्लोब्युलिन अँटिबॉडी, कारण ती जास्त असेल तर थायरोग्लोब्युलिनच्या आकड्यावर एकट्यानं भरवसा ठेवता येत नाही.